चायनीजची गाडी गाळ्यात नेण्याआधी

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: डोंबिवलीत रस्त्याकडेला सात वर्षं चायनीजची गाडी आहे, संध्याकाळी सहा ते अकरा. कढईवर तुम्ही स्वतः, शेजवान चटणी आणि मंचुरियनचं मिश्रण वहिनी घरून करून देतात, हाताखाली दोन मुलं. शनिवार-रविवारी गिऱ्हाइकाला उभं राहायला जागा नसते. जवळच अडीचशे चौरस फुटांचा गाळा मिळतोय. भाडं ४०,००० रुपये, डिपॉझिट तीन लाख, आणि मालक आठवड्यात होकार मागतोय. रेस्टॉरंट करावं का, आणि करायचं तर सुरुवात कुठून?

माझं काम लहान हॉटेलांची किचनं उभी करून देण्याचं. कल्याण, भिवंडी, ठाणे, नाशिक या पट्ट्यात गाडीवरून गाळ्यात आलेले चायनीजवाले मी बरेच पाहिलेत. काही आज दोन ठिकाणी चालवतात, काहींनी वर्षभरात शटर ओढून पुन्हा रस्त्यावर गाडी लावली. चव दोघांचीही उत्तम होती. त्यामुळे ‘माझ्या हाताला चव आहे, मग चालेलच’ हा हिशेब आधी डोक्यातून काढा.

रेस्टॉरंट जरूर करा, पण आठवड्याच्या मुदतीवर नाही. हा गाळा गेला तर जाऊ द्या. तुम्ही कढईसमोर नसतानाही गाडी तशीच चालते, हे ज्या महिन्यात दिसेल त्या महिन्यापासून गाळा शोधायला लागा. माझ्या अनुभवात गाळ्यात गेलेल्यांचं बुडायचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, आणि त्यावर उपाय फक्त गाडीवर असतानाच करता येतो. गाळ्याचं भाडं सुरू झालं की शिकवायला वेळ मिळत नाही.

गाडीवर गिऱ्हाईक तुमच्या हाताचं खातं. समोरचा माणूस रोजचा आहे, त्याला तिखट किती लागतं, पोरासाठी नेतोय की मित्रांबरोबर बसणार आहे, हे तुम्ही बघून ओळखता आणि पळी तशी पडते. सोया, व्हिनेगर, चटणी, मीठ, अजिनोमोटो, सगळं अंदाजाने. गाळ्यात मात्र दुपार आणि रात्र मिळून दहा-अकरा तास किचन चालणार. सकाळी भाजी आणि चिकन आणायचं, गल्ल्यावर बसायचं, गॅसवाल्याशी बोलायचं, पालिकेचा माणूस आला तर त्याला उत्तर द्यायचं. एवढं करून तुम्ही प्रत्येक प्लेट स्वतः हलवू शकत नाही. मग कारागीर ठेवावा लागतो. आपल्याकडे चायनीजचे चांगले कारागीर नेपाळ, दार्जिलिंग, बंगालकडून आलेले असतात, हाताने तयार असतात, पण ते स्वतःचा हात घेऊन येतात. तो दोन-तीन हजार जास्त पगारावर दुसरीकडे गेला की चव त्याच्याबरोबर जाते आणि तिसऱ्या हाताची चव सुरू होते. गिऱ्हाईक तक्रार करत नाही, यायचं थांबतं.

म्हणून पहिली खरेदी वजनकाट्याची. हजार-दीड हजाराचा साधा डिजिटल काटा गाडीवर ठेवा आणि चार-पाच दिवस प्रत्येक प्लेट बांधण्याआधी वजन बघा. फुल राइस कधी तीनशे ग्रॅम भरेल, कधी चारशे. घाईत जास्त पडतो, कारण मोजायला वेळ नसतो. हा फरक गाडीवर खपून जातो. भाडं भरून तो खपत नाही. प्लेटचं वजन एकदा ठरवा आणि त्या मापाचा डाव किंवा वाटी बांधून टाका.

मग सॉसचं मिश्रण. सोया, व्हिनेगर, मीठ, साखर, पांढरी मिरपूड, अजिनोमोटो हे वेगवेगळ्या डब्यांतून घालायच्या ऐवजी दिवसाचं एकच मिश्रण करून ठेवायचं. हाफला एक पळी, फुलला दोन. पळीत किती मिलिलिटर बसतं ते मोजून घ्या आणि तशाच तीन-चार पळ्या विकत आणा. ग्रेव्हीचंही तसंच, आलं-लसूण-मिरची परतून केलेला एक बेस आणि त्यावर कॉर्नफ्लोअरचं ठरलेल्या मापाचं पाणी. कढई हलवायचं कसब कारागिराचं राहील, चव मात्र तुमच्या पिंपातून येईल.

वहिनींची चटणी हा तुमचा खरा माल आहे, तिला वेगळा वेळ द्या. त्या मूठमूठ मिरच्या घेत असतील तर एकदा त्यांच्या शेजारी बसून प्रत्येक जिन्नस टाकायच्या आधी वजन करा आणि वहीत लिहा. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी सुरुवातीला हे प्रमाण देतो: एक किलो बेडगी रंगासाठी, पाव किलो संकेश्वरी तिखटपणासाठी, देठं-बिया काढून गरम पाण्यात भिजवून वाटलेली, सोललेला लसूण दीड किलो, आलं पाव किलो, दोन ते अडीच लिटर तेल, शेवटी व्हिनेगर, मीठ, साखर. लसूण हाताने चिरलेला असला तर दाताखाली येतो, मिक्सरमध्ये पाणी घालून वाटला तर चटणी लवकर आंबते. तेल वर सुटून कडेने तांबडं दिसेपर्यंत मंद आचेवर परतायचं, इथे घाई केली की कच्च्या मिरचीचा वास राहतो. तुमचं प्रमाण यापेक्षा वेगळं असेल आणि ते तसंच राहू द्या, फक्त कागदावर येऊ द्या.

आता दोन मुलांपैकी जो मुलगा टिकेल असं वाटतं त्याला कढईवर उभं करा. सुरुवातीला मंगळवार-बुधवार, मग गर्दीच्या दिवशीही. तुम्ही पार्सल बांधा, पैसे घ्या, बोलू नका. रोजचं गिऱ्हाईक ‘आज तुम्ही नव्हता का कढईवर?’ असं विचारायचं थांबलं, की काम झालं.

एकाच हाताची चव अनेक ठिकाणी वाटली की काय होतं, याचं जगाला माहीत असलेलं उदाहरण सिंगापूरचं आहे. चायनाटाउनमधल्या एका फूड सेंटरच्या टपरीवर चॅन हॉन मेंग सोया सॉसमधली कोंबडी आणि भात विकायचे. २०१६ साली मिशेलिनने, म्हणजे उत्तम खाण्याच्या जागांना तारे देणाऱ्या मार्गदर्शिकेने, सिंगापूरची पहिली यादी काढली, तेव्हा त्या टपरीला एक तारा मिळाला. दोन डॉलरच्या आसपास मिळणाऱ्या थाळीला तारा, म्हणून जगभर बातमी झाली. त्याच वर्षी जवळच ‘हॉकर चॅन’ नावाचं रेस्टॉरंट निघालं, पुढे देशाबाहेरही शाखा गेल्या. २०२१ च्या यादीत मूळ टपरीचा तारा राहिला नाही. त्यांचा धंदा बंद पडला असं मी म्हणत नाही, तो मोठाच झाला. पण ज्या हातासाठी लोक रांगेत उभे राहायचे, तो हात सगळीकडे पुरत नाही, एवढं त्यातून दिसतं. तुमचा एकच गाळा असला तरी दुपारची आणि रात्रीची पाळी ही दोन ठिकाणंच समजा.

आता धुराबद्दल, कारण गाळा बघायला जाल तेव्हा तुम्ही रस्ता, बोर्डाची जागा आणि पार्किंग बघाल, धुराचा विचार कोणी करत नाही. उघड्यावर हाय प्रेशर बर्नरला चारही बाजूंनी हवा मिळते, जाळ निळा राहतो, पातळ पत्र्याची कढई पटकन तापते, धूर रस्त्यावर निघून जातो. तोच बर्नर बंद गाळ्यात पेटवला की तो खोलीतली हवा ओढतो. वरून एक्झॉस्टही तीच हवा बाहेर फेकतो. ताजी हवा आत यायला वाट नसेल तर जाळ पिवळा पडतो, कढईच्या बुडाला काजळी धरते, कारागिराचं डोकं दुखायला लागतं. तो कार्बन मोनॉक्साइडचा त्रास असू शकतो, त्याला दमणूक समजून गोळी देऊ नका, आधी बर्नर बंद करून माणसाला बाहेर काढा. पुढे काच लावून एसी बसवला आणि मागे खिडकी नाही, अशा गाळ्यात चायनीज रेंज, म्हणजे मोठ्या बर्नरांची शेगडी, मी बसवत नाही.

धूर बाहेर काढायचा तो कुठे, हा त्याहून मोठा प्रश्न. पहिल्या मजल्याच्या खिडकीखाली डक्टचं, म्हणजे धूर नेणाऱ्या पत्र्याच्या नळीचं, तोंड ठेवलं तर पहिल्याच दिवशी लाल मिरची परतल्यावर वरचं घर खोकत खाली येईल, आणि त्यांचं बरोबरच असेल. डक्ट इमारतीच्या गच्चीच्या वर न्यावा लागतो. त्याला सोसायटीची लेखी परवानगी लागते, तोंडी ‘हो, करा’ चालत नाही, कारण पुढच्या वर्षी समिती बदलते. म्हणून टोकनचा एक रुपया देण्याआधी मागच्या भिंतीशी जाऊन वर बघा. डक्टला सरळ वाट आहे का, मध्ये कोणाची गॅलरी येते का, सोसायटीचा सचिव कागदावर सही देतो का. नसेल तर गाळा कितीही मोक्याचा असो, तो चायनीजसाठी नाही.

हूड (कढईवरची धूर ओढणारी छत्री), डक्ट आणि मोटर मिळून दीड ते अडीच लाख सहज जातात, मजले वाढले तर जास्त. हूडमधल्या जाळ्या आठवड्यातून निदान एकदा गरम पाण्यात सोडा घालून धुवाव्या लागतात. डक्टमध्ये साठलेलं तेल पेट घेतं, आणि कढईवरचा जाळ हूडपर्यंत जाणं चायनीजमध्ये रोजचं आहे. रेंज घेताना पाण्याचा नळ आणि निचरा असलेली घ्या. गाडीवर तुम्ही कढई खराट्याने घासून पाणी बादलीत ओतता, गाळ्यात ते पाणी थेट मोरीत गेलं की तेलाने पाइप तुंबतो, म्हणून मोरीखाली तेल अडवणारी पेटी लागते. रेंज, स्टीलची टेबलं, रॅक जुने घेतलेत तरी चालतील. फ्रीज मात्र नवाच घ्या.

फ्रीजवरून भाताकडे येतो, कारण माझ्या दृष्टीने गाडी आणि रेस्टॉरंट यांतला सगळ्यात धोक्याचा फरक भातात आहे. गाडीसाठी तुम्ही दुपारी तीन-चारला तांदूळ उकडत असाल, पसरून गार करत असाल आणि अकरापर्यंत संपवत असाल. त्यातही बाहेर गेलेले तास कमी नाहीत. गाळ्यात तर दुपारचा उरलेला भात रात्री, रात्रीचा उरलेला दुसऱ्या दिवशी अशी साखळी सुरू होते. कच्च्या तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते उकळूनही मरत नाहीत. शिजलेला भात कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. उलट्या घडवणारं ते विष उष्णतेला दाद देत नाही. म्हणजे तुमची कढई कितीही लाल तापलेली असो, तासन् तास बाहेर राहिलेला भात तिच्यावर परतला म्हणून सुरक्षित होत नाही. जगात अनेक ठिकाणी फ्राइड राइसने एकदम बरेच लोक आजारी पडतात, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

करायचं असं. लांब दाण्याचा जुना तांदूळ भरपूर पाण्यात, दाणा दाबला तर मध्ये किंचित कणी लागेल इतपतच शिजवा. गाळून लगेच उथळ स्टीलच्या परातींत दोन बोटं जाडीने पसरा, थोडं तेल, वर पंखा. पातेल्यात किंवा टोपलीत ढीग ठेवलात तर मधला भाग कितीतरी तास गरम राहतो. वाफ गेली की, जास्तीत जास्त दोन तासांत, पराती फ्रीजमध्ये, ५ अंश सेल्सिअसच्या खाली. दिवसातून दोनदा शिजवा, परातीवर वेळ लिहिलेली पट्टी चिकटवा, रात्री उरलं ते टाका. टाकताना जीव तुटतो हे मला माहीत आहे, पण एक किलो तांदळाची किंमत आणि एका आजारी गिऱ्हाइकाची किंमत यांत तुलनाच होत नाही. फ्रीजमधला गार भात कढईत मोकळाही राहतो, चवीलाही तोच बरा. तळणीच्या तेलाचंही लक्ष ठेवा. १ जुलै २०१८ पासूनच्या नियमाप्रमाणे तेलातले टोटल पोलर कंपाउंड, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने तयार होणारे घटक, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरता येत नाही. लॉलीपॉपच्या तेलाचा फेस बसेनासा झाला आणि रंग काळपट झाला की मीटरची वाट बघू नका, बदला.

भाड्याचा हिशेब आता मांडून बघू, आकडे तुमचे तुम्ही बदला. समजा भाडं ४०,०००, चार-पाच माणसांचे पगार आणि जेवण १,००,०००, वीज १५,०००, दुरुस्ती-हिशेबनीस-किरकोळ १५,०००. म्हणजे शटर उघडलं नाही तरी महिन्याला १,७०,००० जाणार. माल, गॅस आणि पार्सलचे डबे मिळून १०० रुपयांच्या विक्रीत ४८ रुपये जातात असं धरलं तर हातात ५२ उरतात. एक लाख सत्तर हजार भरून काढायला महिन्याला सव्वातीन लाखांची विक्री हवी. घरखर्चाला ४०,००० काढायचे असतील तर चार लाखांच्या वर, म्हणजे रोजचे साधारण साडेतेरा हजार. दीडशे रुपयांची सरासरी धरली तर नव्वद ऑर्डरी, सोमवारी आणि पावसातसुद्धा.

आता अडीचशे चौरस फूट बघा. निम्म्याला जरा कमी जागा किचन आणि मोरी घेईल. उरलेल्या जागेत बारा-चौदा खुर्च्या, त्याही दाटीवाटीने. दुपार-रात्र मिळून त्यांच्यावर पन्नासेक माणसं बसली तरी ऑर्डरी होतात वीस-पंचवीस, कारण एका टेबलाची एक ऑर्डर. बाकीची सगळी पार्सलं. म्हणजे तुम्ही घेताय ते चार टेबलं असलेलं पार्सल काउंटर आहे, तसंच ते मांडा. कढई दर्शनी भागात काचेमागे दिसू द्या, गाडीवर लोक जाळ बघूनच थांबतात. फर्निचर आणि भिंतीवरच्या ड्रॅगनवर कमी खर्च करा. ॲपवरून मागवणारं गिऱ्हाईक धरताना कमिशन, जाहिरात आणि सवलत मिळून शंभरातले तीस जातात असं धरा, म्हणजे तुमच्या ५२ मधले २२ उरतात. त्या भरवशावर भाडं ठरवू नका. तुमच्या गाडीच्या गिऱ्हाइकांना फोनवर ऑर्डर घेऊन पोचवायला एक मुलगा ठेवलात तर तो जास्त परवडेल. आणि डिपॉझिट, किचन सगळं भरून झाल्यावर तीन महिन्यांचा ठरलेला खर्च, म्हणजे पाच लाखांच्या आसपास, बँकेत शिल्लक हवा. तो नसेल तर थांबा.

मेनूबद्दल एकच आग्रह: पंजाबी घेऊ नका. दुपारी गिऱ्हाईक कमी दिसलं की कोणीतरी तंदूर लावायला सांगतं, मग पनीर बटर मसाला येतो, मग थाळी. प्रत्येकाचा वेगळा बेस, वेगळा माणूस, वेगळा उरलेला माल. दीडशे पदार्थांचं कार्ड म्हणजे फ्रीजमध्ये दीडशे पदार्थांचं सडणं. गाडीवर जे वीस पदार्थ खपतात तेच ठेवा, फार तर पस्तीसपर्यंत जा. दुपारसाठी हाफ राइस, हाफ ग्रेव्ही आणि मंचाव सूप असा एकाच दराचा कॉम्बो पुरे.

एसी आला म्हणून ‘अस्सल’ चिनी व्हायचीही गरज नाही. आपण विकतो ते खाणं कोलकात्याच्या चिनी वस्तीतून आलं आणि इथलं झालं. मंचुरियनचं श्रेय नेल्सन वांग यांना देतात. कोलकात्यात जन्मलेले, १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची परतून त्यात गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला, असं ते सांगत. लोक याच चवीसाठी येतात. ट्रिपल शेजवान चीनमध्ये शोधून मिळणार नाही, आणि आपल्याकडे तेच सगळ्यात जास्त खपतं. ते नीट करा: तळलेले नूडल्स कुरकुरीत, राइस मोकळा, ग्रेव्ही वेगळ्या वाटीत.

रंगाचा प्रश्न मात्र गाळ्यात जाण्याच्या आधीच मिटवा. मंचुरियनला आणि लॉलीपॉपला तो झगझगीत लाल रंग पुडीतूनच येतो हे गिऱ्हाइकाला आता कळतं. २०२४ च्या सुरुवातीला गोव्यात म्हापशाच्या पालिकेने गोबी मंचुरियनच्या स्टॉलांवर बंदी आणली. त्याच वर्षी मार्चमध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरायला बंदी केली, तपासलेल्या बऱ्याच नमुन्यांत असुरक्षित कृत्रिम रंग सापडले होते. आपल्याकडेही अन्न व औषध प्रशासन नमुने उचलतं. बेडगीचा रंग कमी लाल पण खरा असतो. दोन आठवडे लोक विचारतील, मग सवय होईल. हा बदल गाडीवर करा, म्हणजे तो गाळ्याच्या माथी येणार नाही.

कागदपत्रांत फार अडकत नाही. अन्नसुरक्षेची नोंदणी किंवा परवाना त्या जागेपुरता असतो, गाडीचा कागद गाळ्याला चालत नाही. नोंदणी पुरते की परवाना लागतो हे उलाढालीवर ठरतं, अर्ज करताना अन्नसुरक्षा परवान्यांच्या ‘फॉस्कॉस’ या सरकारी पोर्टलवर त्या दिवशीची मर्यादा बघून घ्या. पालिकेच्या आरोग्य खात्याचा परवाना, अग्निशमनाचा दाखला आणि दुकान म्हणून नोंद या तीन गोष्टी प्रभाग कार्यालयात विचारून लेखी यादी घ्या. घरगुती लाल सिलिंडर गाळ्यात आणूच नका, १९ किलोचेच हवेत, आणि एकूण साठा १०० किलोंच्या आत ठेवा, त्यापुढे वेगळा परवाना लागतो. पाइपचा गॅस असेल तर तुमचा सध्याचा बर्नर त्यावर तसाच चालणार नाही, ब्लोअरचा घ्यावा लागेल. भाडेकरार ११ महिन्यांचा करू नका. पाच वर्षांचा लिव्ह अँड लायसन्स, नोंदणीकृत, आणि निदान पहिली तीन वर्षं मालक तुम्हाला बाहेर काढू शकणार नाही अशी अट. डक्ट लावायला हरकत नसल्याचं वाक्यही त्याच करारात घाला.

जीएसटीची मर्यादा अशा सेवेला वर्षाला २० लाख, म्हणजे रोजचे साडेपाच हजार. वरच्या हिशेबाने तुम्ही ४८ लाखांवर जाता, तेव्हा नोंदणी टळत नाही. रेस्टॉरंटला ५ टक्के, पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, म्हणजे हूड आणि फ्रीजवरचा १८ टक्के खर्चातच धरा. कंपोझिशन, म्हणजे लहान धंद्यांसाठीची जीएसटीची सोपी योजना, घेतलीत तरी दर ५ टक्केच, आणि तो गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही. हिशेबनिसाशी बोलून कार्डावरचे भाव त्याप्रमाणे छापा.

कर्जासाठी आजपासून एक करा: गाडीवरचे पैसे शक्य तितके क्यूआरवर घ्या आणि विवरणपत्र भरा. बँकेला तुमच्या गर्दीचे फोटो नकोत, खात्यातली ये-जा हवी. पीएम स्वनिधी, म्हणजे पथविक्रेत्यांसाठीचं सरकारी योजनेतलं कर्ज, घेतलं नसेल तर घ्या. २०२५ च्या बदलानंतर त्यात १५,०००, मग २५,०००, मग ५०,००० असे टप्पे आहेत. रक्कम लहान आहे, पण वेळेवर फेडल्याची नोंद पुढे कामाला येते. किचनसाठी मुद्रा योजनेत किशोर गटात पाच लाखांपर्यंत, तरुण गटात दहा लाखांपर्यंत कर्ज बसतं.

शेवटचा मुद्दा गाडीचा, कारण ‘गाळा घेतो, गाडीवर मुलाला उभं करतो’ असा बेत बहुतेकांचा असतो. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याखाली तुमच्याकडे विक्री प्रमाणपत्र असेल तर ते घेताना तुम्ही तीन गोष्टी लिहून देता: धंदा स्वतः किंवा कुटुंबातला माणूस करेल, उपजीविकेचं दुसरं साधन नाही, आणि प्रमाणपत्र किंवा जागा कोणाला भाड्यानेसुद्धा देणार नाही. म्हणजे गाळा सुरू झाल्यावर पगारी माणूस ठेवून गाडी चालवणं त्यात बसत नाही, आणि जागा दुसऱ्याला चालवायला देणं तर नाहीच. गाळ्याचं काम चालू असेपर्यंत गाडी लावा, शेवटचे दोन-तीन आठवडे प्रत्येक पार्सलवर नव्या पत्त्याची चिठ्ठी लावा, आणि ज्या दिवशी शटर उघडेल त्या दिवशी गाडी बंद करा. उद्घाटन शनिवारी करू नका, मंगळवारी करा, म्हणजे नव्या किचनला तीन-चार हलके दिवस मिळतील.

दादा, मालकाला आज एवढंच सांगा की डक्टची परवानगी सोसायटीकडून लेखी मिळाली तर पुढे बोलू. तो कागद आणून देतो की टाळतो, यावरून गाळा आणि मालक दोन्ही कळतील. गाळ्याची मागची भिंत कुठे उघडते आणि इमारत किती मजली आहे ते कळवा, मोटर किती ताकदीची लागेल ते सांगतो.